किर्लोस्करवाडीचा थांबा

वडूजला रेल्वे नाही. गाडी धरायची तर एसटीनं कोरेगाव, रहिमतपूर, सातारा नाही तर कराड गाठायचं. तरीही रेल्वे इथल्या घराघरांत आहे. खटाव, खानापूर, आटपाडीची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी केरळपासून बंगालपर्यंत पांगली आहेत. बुलेट ट्रेनचा विषय निघाला की त्यांच्यासाठी मला एकच विचारावंसं वाटतं : ती थांबणार कुठं?

थांब्यानं काय होतं, ते पुणे–मिरज मार्गावर दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेनं इथं मीटरगेज टाकलं. वडूजजवळच्या औंध संस्थानचा मुलूख या रुळांच्या आसपास विखुरलेला होता. 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली, ती कुंडल रोड स्टेशनाजवळची. निवडुंग आणि सापांचा माळ. पण शेजारी स्टेशन होतं. लोखंड येणार रेल्वेनं, नांगर जाणार रेल्वेनं. 1916 मध्ये ओगल्यांचा काचकारखाना निघाला, तोही कराड स्टेशनाजवळच. पुढं कुंडल रोडचं नावच किर्लोस्करवाडी झालं.

बुलेट ट्रेनचा मुंबई–अहमदाबाद मार्ग 508 किलोमीटरचा, स्थानकं 12. मूळ अंदाज 1 लाख 8 हजार कोटींचा, म्हणजे किलोमीटरला दोनशे कोटींच्या वर. त्यातले 81 टक्के जपानचं कर्ज, 0.1 टक्का व्याजानं, 50 वर्षांसाठी. एवढा पैसा वेग खातो. ताशी 320 किलोमीटरनं धावायचं तर वळण काही हजार मीटर त्रिज्येचं लागतं. डोंगर, गाव, शेत आलं तरी रूळ फारसा वळत नाही. बहुतेक मार्ग खांबांवर, ठाण्याच्या खाडीखालून बोगदा. शिवाय रूळ 1435 मिलिमीटरचे, आपले 1676 चे. ही गाडी पुढं आपल्या रुळांवर येऊच शकत नाही.

फायदाही खरा आहे. जपाननं 1964 मध्ये टोकियो–ओसाका मार्ग काढला, कारण जुना मार्ग गर्दीनं तुंबला होता. वेगवान गाड्या बाजूला गेल्या की जुन्या रुळांवर मालगाडी आणि साध्या गाड्यांना वाट मिळते. मला हा लाभ वेगाहून मोठा वाटतो.

आपल्या पुणे–मिरज मार्गावर मात्र तुंबण्याचं कारण साधं होतं : रूळ एकेरी. समोरून गाडी आली की क्रॉसिंगला ताटकळायचं. 2016 मध्ये पुणे–मिरज–लोंढा या 467 किलोमीटरच्या मार्गाच्या दुहेरीकरण-विद्युतीकरणाला केंद्राची मंजुरी मिळाली. अंदाज साडेतीन हजार कोटींच्या थोडा वर. जुन्या मार्गाशेजारी रूळ टाकणं आणि नवा उन्नत मार्ग बांधणं यांची बरोबरी होत नाही, हे मान्य. पण किलोमीटरला आठ कोटींच्या आत क्रॉसिंगचा खोळंबा सुटत असेल, तर या भागात पैशावर पहिला हक्क त्या कामाचा आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये कोल्हापूर–पुणे वंदे भारत सुरू झाली. सरासरी वेग ताशी साठच्या आसपास, पण ती कराडला थांबते, साताऱ्याला थांबते, किर्लोस्करवाडीलाही थांबते. आता वडूज आगारातून गाड्यांच्या वेळा धरून रहिमतपूर आणि कराड स्टेशनाच्या दारात एसटी जायला हवी.