मज्जेतली साक्ष

गेटलरच्या क्लोराइड चाचणीला आज कोणी विचारत नाही, ते बरेच झाले. न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर गेटलरने १९२१ मध्ये हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांतल्या रक्ताचे क्लोराइड मोजून बुडण्याचे निदान सुचवले. कल्पना सुरेख, पण देह कुजू लागला की तो फरक पुसला जातो. आणि तळाशी गेलेले प्रेत बहुधा कुजून फुगल्यावरच वर येते. स्ट्राँशियम, रक्ताचे विशिष्ट गुरुत्व वगैरे चाचण्यांनाही याच अडचणीने गाठले.

ताज्या प्रेतात डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांइतके बोलके काही नाही. नाकातोंडाशी पांढरा, चिवट फेस, पुसून छाती दाबली की पुन्हा येणारा. फुगून बरगड्यांचे वळ उमटलेली फुप्फुसे. पाल्टाऊफने १८८८ मध्ये वर्णिलेले त्यांवरचे डाग. मुठीत गच्च धरलेले शेवाळ. तळहाताच्या सुरकुत्यांना मात्र कोणी पुरावा म्हणू नये. मारून पाण्यात टाकलेल्या देहावरही त्या पडतात.

कुजलेल्या देहात भरवसा उरतो तो डायटमचा. या सूक्ष्म शैवालाचे कवच सिलिकाचे, आम्लालाही दाद न देणारे. बुडणारा माणूस पाणी ओढतो, फुप्फुसातले वायुकोश फाटतात, डायटम रक्तात शिरतात आणि हृदय चालू असेतोवर मेंदू, मूत्रपिंड, हाडांच्या मज्जेपर्यंत पोहोचतात. मेल्यावर पाण्यात पडलेल्याच्या फुप्फुसात पाणी झिरपेल. ते मज्जेपर्यंत नेणार कोण? रेव्हेनस्टॉर्फला १९०४ मध्ये फुप्फुसात डायटम सापडले, इन्झेने १९४२ मध्ये रक्ताभिसरणातून त्यांचा प्रवास दाखवला, तामाश्काने १९४९ मध्ये मज्जा तपासली.

मांडीचे हाड बाहेरून धुऊन फोडायचे, मज्जा काढून तीव्र नायट्रिक आम्लात उकळायची, ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हापुन्हा धुऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची आणि तळचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा. भिंगाखाली नावेच्या आकाराचे, बारीक रेघांचे नॅव्हिक्युला दिसू लागले की सगळ्या खटाटोपाचे चीज होते.

ही चाचणी निकालात काढणारी मंडळी म्हणतात, न बुडालेल्यांतही डायटम सापडतात. सापडतात; अन्नातून येतात, हलगर्जीने वापरलेल्या नळाच्या पाण्यातूनही येतात. म्हणूनच मज्जेतल्या जाती आणि घटनास्थळाच्या पाण्यातल्या जाती जुळवून पाहायच्या असतात. न सापडणे म्हणजे न बुडणे, असेही नव्हे. कॅनडात पोलानेनने ऑन्टारिओतल्या ७७१ बुडीत मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा चाचणी सुमारे २८ टक्क्यांतच होकारार्थी आली. एवढ्यावरून ती टाकाऊ ठरवणाऱ्यांनी उरलेल्या कुजलेल्या देहांसाठी दुसरा उपाय सांगावा.

खरे दुखणे निराळेच आहे. प्रयोगशाळेत हाड पोहोचते, पण पाण्याचा नमुना येत नाही. आला तर भलत्याच घाटावरचा, कशाच्या तरी बाटलीत भरलेला. मग अहवाल मोघम येतो आणि न्यायालयात टीकेची धनी होते ती चाचणी.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पंचनामा सुरू झाला, की त्याच वेळी, त्याच जागचे लिटरभर पाणी पंचांसमक्ष स्वच्छ बाटलीत भरून मोहोरबंद करावे आणि तारीख-वेळ लिहून हाडासोबत पाठवावे. पोलीस ठाण्यांनी एवढे मनावर घ्यावे.