खंबाटकीत डिझेल कुठं गेलं?

पुण्याहून कोल्हापूरकडं निघालेला एक ट्रक खंबाटकीच्या चढावर कोंडीत अडकला, आणि इकडं ऑफिसात शेठच्या मोबाइलवर सूचना वाजली: गाडी उभी आहे, टाकीतलं डिझेल २४ लिटरनं उतरलं. त्यांच्या गाड्यांची माहिती हिशोबाच्या सॉफ्टवेअरला जोडून द्यायच्या कामासाठी मी त्या दिवशी तिथंच बसलो होतो. शेठनी मान वर न करता हिशोबनिसाला सांगितलं, "याच्या पगारातून कापा." ड्रायव्हर अकरा वर्षं त्यांच्याकडं होता.

मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं. अर्ध्या तासानं आलेख पुन्हा उघडला. चढाला लागताना टाकी ५४.८ टक्के, कोंडीत ४८.८, आणि घाट उतरून गाडी सपाटीला लागल्यावर ५४. चढाला जळायचं तेवढं तीन-साडेतीन लिटर डिझेल जळालं होतं. बाकीचं टाकीतच होतं. काढून घेतलेलं डिझेल सपाटी आली म्हणून परत येत नसतं.

"मशीन खोटं बोलत नाही" हा या धंद्यातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे, म्हणून त्यावरच जरा थांबतो. मशीन खोटं बोलत नाही हे खरं. पण ते काय मोजतंय हे आपण विचारत नाही. टाकी चॅसीच्या बाजूला आडवी लावलेली, लांबट. आत फ्लोट. गाडीचं नाक वर गेलं की डिझेल मागं सरकतं, आणि फ्लोट पुढच्या बाजूला असेल तर त्याच्याखालची पातळी उतरते. त्यात ही पातळी ज्या मापात पाठवली जाते त्याची एक पायरीच ०.४ टक्क्यांची आहे. ४०० लिटरच्या टाकीत एक पायरी म्हणजे १.६ लिटर. त्याहून बारीक फरक त्या आकड्यात उतरतच नाही. शिवाय डिझेल तापलं की फुगतं: तापमान दहा अंशांनी वाढलं तर ४०० लिटरमागं तीन लिटरच्या वर. दुपारी जास्त दिसलेली टाकी गार पडल्यावर कमी दिसते, आणि लोक लगेच ढाब्याचं नाव घेतात.

किती डिझेल जळालं हा इंजिनच्या संगणकाचा आकडाही मापून घेतलेला नसतो. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला, दाब किती होता, यावरून तो हिशोबानं काढलेला असतो. चांगला असतो, पण पंपाच्या पावतीशी अगदी थेंबाथेंबानं जुळेल अशी अपेक्षा धरू नये. ॲव्हरेज काढायला तो उत्तम. एका दिवसाच्या चार लिटरवरून माणसाला चोर ठरवायला तो पुरेसा नाही.

"जीपीएस लावलाय, म्हणजे गाडी सिस्टिमला जोडलेलीच आहे." हे मला जवळजवळ प्रत्येक ट्रान्सपोर्टवाल्याकडं ऐकायला मिळतं. साधं जीपीएसचं उपकरण गाडी कुठं आहे, किती वेगानं चाललीय आणि चावी चालू आहे का, एवढंच सांगतं. नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेलं एआयएस-१४० उपकरणही मुळात ठावठिकाणा आणि संकटकाळचं बटण यासाठी आहे. इंजिनच्या पोटातलं बोलणं वेगळ्या वाटेनं चालतं. त्या वाटेचं नाव कॅन. बॉश कंपनीनं १९८३ मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये ते जगापुढं मांडलं. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी, आणि त्यांवर इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, मीटर यांचे संगणक एकमेकांशी सतत बोलत असतात. ट्रक-बसमध्ये या बोलण्याला बहुतेक ठिकाणी जे-१९३९ या मानकाची शिस्त असते.

या दोन वायरींना हात घालणारा वायरमन जाणकार हवा. वायरींच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोधक असतात, म्हणून बॅटरी काढून मल्टिमीटर लावला की ६० ओहम दाखवायला हवेत. बाहेरचं उपकरण बसवताना कुणी स्वतःचा तिसरा रोधक त्यावर चढवला तर मीटर ४० दाखवतो. मग कधी डॅशबोर्डवर दिवे लागतात, कधी काटे मध्येच पडतात, आणि गाडी विनाकारण सर्व्हिस सेंटरला जाते. बसवणाऱ्यानं ६० चा आकडा तुमच्यासमोर दाखवला नाही तर त्याला पैसे देऊ नका, इतकं मी स्पष्टच सांगतो.

"मानक एकच आहे, मग सगळ्या कंपन्यांच्या गाड्या सारखंच बोलतील." तसं होत नाही. जे-१९३९ मध्ये इंजिनचे फेरे, वेग, पाण्याचं तापमान यांच्या जागा ठरलेल्या आहेत, पण प्रत्येक गाडी प्रत्येक जागा भरतेच असं नाही, आणि बऱ्याच गोष्टी कंपन्या आपापल्या खासगी संदेशांत ठेवतात. युरोपातल्या मोठ्या ट्रक कंपन्यांनी म्हणूनच २००२ मध्ये एकत्र येऊन एफएमएस हे मानक ठरवलं, बाहेरच्या सिस्टिमला काय वाचायला मिळेल याची समान यादी. आपल्याकडच्या ताफ्यात बीएस-४ ची जुनी गाडी आणि युरिया लागणारी बीएस-६ ची नवी गाडी शेजारी उभ्या असतात. त्यामुळं जोडणीचं खरं काम प्रत्येक मॉडेलची यादी हातानं तपासण्यात जातं. एक खूण सांगतो: गाडीकडं माहितीच नसेल तर ती त्या जागी २५५ पाठवते. याचा अर्थ 'माहिती नाही'. हे न ओळखणारं सॉफ्टवेअर २५५ ला ०.४ नं गुणतं आणि टाकी १०२ टक्के भरलेली दाखवतं. स्क्रीनवर १०२ दिसलं की समजावं, जोडणाऱ्यानं काम अर्धवट सोडलंय.

किलोमीटरचंही तसंच. जीपीएसचा मिनिटाला एक ठिपका घेऊन ते सरळ रेषेनं जोडले की घाटातली वळणं कापली जातात आणि अंतर कमी भरतं. ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. टायर झिजला की घेर घटतो आणि तो थोडं जास्त दाखवतो. भाड्याला कोणता आकडा धरायचा आणि सर्व्हिसिंगला कोणता, हे आधी ठरवून ठेवावं. आणि वेळ बघावी. ही उपकरणं बहुधा जागतिक वेळ पाठवतात, ती आपल्या साडेपाच तास मागं. ती बदलून घेतली नाही तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची धाव आदल्या तारखेत जाते, आणि रात्रभर गाडी हाकलेल्या माणसाचा भत्ता चुकीच्या दिवसावर पडतो.

"सगळं जोडलंच आहे, तर ऑफिसातून गाडी बंदही करता आली पाहिजे." या मागणीला मी दरवेळी विरोध करतो. धावत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की स्टीअरिंगची पॉवर जाते आणि ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. मागं वीस टन माल. गाडी चोरीला जाण्याची भीती खरी आहे, तर उभ्या गाडीचं पुढचं स्टार्टिंग रोखावं, तेवढं पुरतं. वाचायची वाट आणि हुकूम द्यायची वाट वेगळी ठेवायची ती याचसाठी. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस वॅलासेक यांनी अमेरिकेत मोबाइल नेटवर्कवरून एका जीप चेरोकीच्या करमणुकीच्या सिस्टिममध्ये शिरून तिच्या कॅनवर हुकूम पाठवून दाखवले. कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी तर गाडीच्या सॉकेटमध्ये खोचलेल्या छोट्या ट्रॅकिंग उपकरणाला एसएमएस पाठवून कॉर्व्हेटचे वायपर चालू केले आणि ब्रेकही लावले. असंच उपकरण आपण ताफ्यातल्या प्रत्येक गाडीत खोचतो. म्हणून ते फक्त ऐकणारं असावं, आणि विकणाऱ्याकडून तसं लेखी घ्यावं.

शेठच्या सिस्टिममध्ये आम्ही नियम बदलला. पातळी उतरली तरी गाडी सपाटीला येऊन चालू लागेपर्यंत सूचना जात नाही, आणि पंपाची पावती व ड्रायव्हरचं म्हणणं नोंदवल्याशिवाय पगाराच्या खात्यात कपात टाकताच येत नाही. ड्रायव्हर परतला तेव्हा शेठनी त्याला स्वतः बोलावून आलेख दाखवला. त्यानं बराच वेळ बघितलं आणि खाली गेलेल्या रेषेवर बोट ठेवलं. "शेठ, इथं टँकर आडवा झाला होता. क्रेन येईपर्यंत हँडब्रेकवर उभा होतो."