यंत्रात पाणी का येईना?
(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

गेल्या दिवाळीत आमच्या घरी कपडे धुण्याचे यंत्र आले. चार महिन्यांतच ते नुसते घुमू लागले. थंड पाणी आत येईना. कारागीर म्हणाला, ‘व्हॉल्व्ह गेला.’ किंमत ऐकून आईने मुकाट्याने धोपटणे काढले.

मी कला शाखेची. तरी पुस्तिका वाचली. वरच्या झाकणातून बादलीने पाणी ओतले, तर यंत्र मजेत फिरले. म्हणजे खोट पाण्याच्या वाटेत! वीज काढली, तोटी बंद केली, नळी सोडवली. नळी जोडतात तिथे बोटाच्या पेराएवढी जाळी असते. ती गाळाने लिंपलेली. आपल्या कोपरगावचे पाणी गोदावरीच्या कालव्यातून साठवण तलावात येते. घरच्या टाकीत गाळ बसणारच. जुन्या ब्रशाने जाळी घासली. पाणी आले, पण करंगळीएवढे.

व्हॉल्व्ह विजेने उघडत असला, तरी त्याला पाण्याचा दाबही लागतो. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ बार. आमच्या यंत्राला किमान ०.३ बार हवा, म्हणजे पाणी ३ मीटर उंच हवे. टाकीचा तळ जेमतेम २ मीटर वर. भरलेली असली की चाले, उन्हाळ्यात अर्धी झाली की अडे.

अण्णांनी टाकी गच्चीवर चढवली. व्हॉल्व्ह जुनाच आहे. धोपटणे मात्र आईने अजून टाकलेले नाही.