रात्रीची शिट्टी

सुरतेला उधन्याच्या पुढे, भुसावळ मार्गालगत माझी आतेबहीण राहते. भाऊजी मूळ जळगावकडचे. त्या भागात खानदेशी मंडळी इतकी, की भाजीवालीशीही अहिराणीत बोलता येते. पहिल्याच रात्री दोन वाजता शिट्टीने मी दचकून उठलो. ताई म्हणाली, "आम्हाला सवय झाली रे, पण या बाळाचं काय?" नातू वीस दिवसांचा होता.

ही शिट्टी कायद्याने बंद करता येते का, हा तिचा प्रश्न.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शाळा-कॉलेजे, न्यायालये यांभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र ठरवता येते. रात्रीची मर्यादा 40 डेसिबल. पण त्यात रेल्वेच्या शिट्टीचा वेगळा उल्लेख नाही. उलट रुळाकडेची 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी, म्हणजे सीटी-फाटक, चालकाला शिट्टी वाजवायलाच सांगते. फाटकाच्या साधारण 600 मीटर आधी ती असते. ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी एवढे अंतर बावीसएक सेकंदांत कापते. बाजूला व्हायला तेवढाच वेळ!

अमेरिकेत 2005 पासून नगरपालिकांना शिट्टीमुक्त पट्टा मागता येतो, पण फुकट नाही. दोन्ही बाजूंनी रस्ता पूर्ण अडवणारी फाटके, दुभाजक असे काहीतरी आधी करावे लागते. हे शहाणपण ठेच लागून आलेले. फ्लोरिडात 1984 नंतर एका मार्गावर रात्रीची शिट्टी बंद केली, तर फाटकांवरचे रात्रीचे अपघात जवळजवळ तिप्पट झाले. 1991 मध्ये शिट्टी पुन्हा सुरू करावी लागली.

आणि आपण? बेळगावच्या पहिल्या-दुसऱ्या गेटावर उभे राहून पाहा. "गेट पडलं" म्हणा की "गेट हाक्यार" म्हणा, दांडी खाली येताना दुचाकी वाकडी करून सरकणारे दोन्ही भाषांचे असतात. (तासाला उशीर झाला की मीही त्यांतलाच, हे कबूल करतो.) अशा ठिकाणी शिट्टी बंद करा म्हणायला जीभ रेटत नाही.

खरा उपाय पुलाचा. ब्रॉडगेजवरची माणूस नसलेली फाटके जानेवारी 2019 पर्यंत संपवली गेली; राहिलेल्या फाटकांच्या जागी उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग झाला, की फाटकासाठीची शिट्टीही थांबते. ताईला म्हटले, अर्ज शिट्टीविरुद्ध नको, पुलासाठी कर.

"पूल होईस्तोवर हा शाळेत जाईल," ती म्हणाली. तरी तिने पाळणा मागच्या खोलीत हलवला आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या सतरा घरांच्या सह्या आणल्या.