घाट उतरायचा तर एकट्यानं

शिवाजी पेठेत सहल म्हटली की आधी माणसं मोजली जातात. कोण कोण येणार, गाडी कुणाची, जेवण कुठं, एवढं ठरलं की कोकण ठरल्यातच जमा. एकटा निघालेला माणूस म्हणजे घरात भांडून निघालेला, असाच सर्वसाधारण समज. तरीही कोल्हापुरातून कोकणात निदान एकदा एकट्यानं उतरावं, असं माझं म्हणणं आहे. मनःशांतीसाठी वगैरे नव्हे; ती रंकाळ्यावर संध्याकाळी फुकट मिळते. कारण त्या रस्त्यातच आहे.

किनाऱ्यावरच्या देखण्या रस्त्यांचा विषय निघाला की कॅलिफोर्नियातल्या बिग सरचं नाव येतं. १९३७ साली खुल्या झालेल्या या रस्त्यावर डोंगर आणि समुद्र एकाच नजरेत मावतात, कारण तिथं डोंगर थेट पाण्यात उतरतो. आपल्याकडे सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधे चाळीस-पन्नास किलोमीटरची कोकणपट्टी आहे. त्यामुळे मुंबई-गोवा महामार्गावरून दक्षिणेला जाणाऱ्याला डोंगर लांबून दिसतो आणि समुद्र बहुतेक वेळ दिसतच नाही. देश कुठं संपतो आणि कोकण कुठं लागतं हे पाहायचं तर डोंगर ओलांडून पश्चिमेला जायला हवं. आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा आणि दक्षिणेला आंबोली असे घाट हाताशी असलेल्या कोल्हापूरकराला हे जितकं सोपं आहे, तितकं क्वचितच कुणाला असेल.

गगनबावड्याचाच रस्ता घ्या. फुलेवाडी सोडून बालिंग्याला भोगावती ओलांडली की पुढं कुंभीच्या खोऱ्यानं चढ सुरू होतो. ऊस हळूहळू मागं पडतो, भात-नाचणी दिसू लागते, मग झाडी दाटते. अंतर जेमतेम ५५ किलोमीटर. पण कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस, तर गगनबावड्यात त्याच्या पाचपटीच्या आसपास. समुद्रावरून आलेले ढग कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि बहुतेक पाणी तिथंच टाकतात. पूर्वेच्या शिरोळपर्यंत फारसं काही उरत नाही. गगनबावड्याच्या पूर्वेला पडलेलं पाणी कुंभीतून पंचगंगेला, तिथून कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागरात जातं. कड्यापलीकडे पडलेलं पाणी खारेपाटणच्या बाजूनं विजयदुर्गच्या खाडीत उतरतं. पुढं दहा-बारा किलोमीटरांच्या वळणांत करूळ घाट तुम्हाला पाचशे मीटरांहून खाली आणतो. काळ्या बेसाल्टच्या कड्यांखाली तांबडा जांभा, चिऱ्याची घरं, काजू आणि आंब्याच्या बागा लागतात, बोलणं मालवणीकडे झुकतं. ही वाट नवी नाही. खारेपाटणला सापडलेला शिलाहारांचा ताम्रपट १००८ सालचा आहे, आणि बावडा ही पुढं पंत अमात्यांची जहागीर होती. बंदर आणि देश यांना जोडणाऱ्या घाटावर कुणाचा ताबा आहे, याला त्या काळी केवढी किंमत असे!

आता हे सगळं घोळक्यातही दिसेलच की, असं कुणी म्हणेल. दिसतं, पण खिडकीतून सरकताना. घोळक्यात गाडी थांबते ती भुकेला आणि फोटोला. कातळ बदलला म्हणून, ओढा उलट्या दिशेला वाहू लागला म्हणून थांबायचं, तर चारचौघांची परवानगी लागते आणि ती एकदा मिळते, दुसऱ्यांदा नाही. शिवाय घोळका आपलं गाव बरोबर घेऊन फिरतो. वैभववाडीच्या खानावळीत पाचजण बसले तर ते एकमेकांशीच बोलणार; एकट्याला मात्र वाढणाऱ्याशी, शेजारच्या टेबलाशी बोलावंच लागतं. रस्ता, पीक, मासळीचा भाव ही माहिती तिथंच मिळते.

धोक्याचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. पावसाळ्यात दरड येते, धुक्यात चार हातांपुढचं दिसत नाही, कित्येक वळणांवर मोबाइलला रेंज नसते. बालिंग्याच्या आसपास पुराचं पाणी आलं तर परतीची वाटच बंद. रुंदीकरणासाठी करूळ घाट २०२४ मध्ये कित्येक महिने बंद होता. श्रीमंत कॅलिफोर्नियालाही दरडी चुकत नाहीत. २०१७ साली बिग सरचा रस्ता एका दरडीनं वर्षभराहून अधिक काळ अडवला. एकट्यानं, त्यातही एकट्या बाईनं, रात्री घाट उतरू नये हे म्हणणं योग्यच. पण ते अंधाराविरुद्ध आहे, एकटेपणाविरुद्ध नव्हे. घाटातला मोठा शत्रू घाई, आणि मुक्कामाला वेळेत पोचायची घाई एकट्यापेक्षा बुकिंग केलेल्या घोळक्याला जास्त असते. पहाटे निघावं, टाकी कोल्हापुरातच भरावी, घरी वाट सांगून ठेवावी. पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर उत्तम: ओढे अजून वाहते असतात, रस्ता कोरडा. आणि एकट्यासाठी गाडीचं पेट्रोल जाळणं पटत नसेल, तर गगनबावड्याला एस.टी. जाते. थांबा आपल्या मर्जीचा नसेल, पण खिडकी धरली तर घाट तेवढाच दिसतो, आणि वळणावर नजर रस्त्यावर ठेवायचं काम ड्रायव्हरचं.