खाडीच्या गाळापलीकडचे प्रवाळ

वाशी-ऐरोलीच्या खाडीत प्रवाळ शोधू नका. तिथे राज्य गाळाचं, खारफुटीचं आणि फ्लेमिंगोंचं. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून आपल्या यजमानाला पोसतं. पाणी गढूळ झालं की हा डबा बंद. पाणी फार तापलं, तर प्रवाळ शैवालालाच बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही. पण उष्णता टिकली तर उपासमार ठरलेली.

तरी मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत! हाजीअलीच्या खडकांवर, ओहोटीत उरणाऱ्या डबक्यांत, दगडाच्या कडेला चिकटलेल्या लहानशा वसाहती. नेमकं पाहिल्याशिवाय त्या शेवाळाचा डागच वाटतात. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये अशा १८ वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली हलवल्या गेल्या. माझ्या मते स्थलांतर हा नाइलाजाचा उपाय. वसाहत हलवता येते, तिचा अख्खा खडक नाही.

राज्यातले नावाजलेले प्रवाळ मात्र दक्षिणेला, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, समुद्राखाली, आंग्रिया बँकेचं पठार आहे. किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्यानं तिथलं पाणी नितळ.

मालवणला स्नॉर्कलिंगला गेलात, तर प्रवाळावर पाय ठेवू नका आणि नाववाल्याला नांगर तिथे टाकू देऊ नका.