मत द्या, पण पान सांगा!

मराठी माणसाला एखाद्या गोष्टीवर मत विचारावे आणि त्याने 'मला काही मत नाही बुवा' म्हणावे, असे सहसा घडत नाही. नाटक असो, क्रिकेट असो, पुरणात वेलची घालावी की जायफळ हा प्रश्न असो, तो आपला तयारच! पण पुस्तकाची गोष्ट निघाली की हीच मंडळी एकाएकी कंजूष होतात. 'छान आहे', 'वाचनीय आहे', संपले! दुसरी तऱ्हा याच्या अगदी उलट. ते गृहस्थ अर्धा तास बोलतात, त्यात 'जाणीव' असते, 'आशयघनता' असते. नसते ते फक्त पुस्तक.

आम्ही ठाण्यातील सात-आठ कुटुंबे महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो आणि वाचलेल्या पुस्तकांवर बोलतो. ठाण्याला वाचनाचा नाद जुनाच आहे. इथले मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. आमची बैठक मात्र अगदी अलीकडची. पहिले काही महिने तिच्यात एक निवृत्त प्राध्यापक तेवढे बोलत आणि बाकीचे माना डोलावीत. बायका चहाच्या निमित्ताने आत जात, त्या भेळ संपेपर्यंत बाहेर येत नसत. शेवटी एका वहिनींनीच तोड काढली. त्या म्हणाल्या, ''मत कुठलंही द्या, पण पुस्तकातली एक जागा सांगा. जिथे हसलात, चिडलात किंवा पुस्तक मिटून बसलात, ती जागा.''

नियम एवढासाच, पण बैठकीचा नूर पालटला. टीकाकाराची भाषा सर्वांना कुठून येणार? आपण कुठे थांबलो, हे मात्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

'श्यामची आई'चेच पाहा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक. त्यावर आता नवे काय बोलणार, असे आम्हाला वाटत होते. तेवढ्यात आठवीतली एक मुलगी म्हणाली, ''पोहायला घाबरतो म्हणून आई श्यामला मारते, ते मला नाही आवडलं.'' तिचे आजोबा उसळलेच. ''अगं, त्या मारामुळेच तो पोहायला शिकला!'' नात शांतपणे म्हणाली, ''शिकला हो आजोबा. पण त्याला भीती वाटत होती, त्याचं काय?'' आजोबा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ''मलाही असंच विहिरीत ढकललं होतं. पोहायला आलं, पण त्यानंतर हौसेनं मी कधी पाण्यात उतरलो नाही.'' ही गोष्ट त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हती. चाळीस वर्षे समुद्रावर सहलीला जाऊन बाबा वाळूतच का बसतात, याचा उलगडा त्याला त्या रविवारी झाला.

पुढल्या महिन्यात एका बाईंनी कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आणले. हे पुस्तक १९७० सालचे. ''स्वयंपाकाचं पुस्तक म्हणजे का वाङ्मय?'' असा प्रश्न आलाच. बाईंनी जागा सांगितली: वाटी-चमच्याची मापे. ''लग्न होऊन परप्रांतात गेले. जवळ आई नाही, सासूबाई नाहीत. पत्रातून आई कळवायची, 'मीठ अंदाजानं घाल.' अंदाज असता तर मी पत्र कशाला लिहिलं असतं? या बाईंनी मात्र ज्याला अंदाज नाही त्याचा विचार करून लिहिलं.'' प्राध्यापकमहाशयांनी ते वाक्य वहीत टिपून घेतले, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे.

नियमाचा उलट उपयोगही होतो. भालचंद्र नेमाड्यांच्या १९६३ सालच्या 'कोसला'वर आमच्यातील एका बँकवाल्यांचा जुना राग. 'ही काय भाषा झाली?' हे त्यांचे ठरलेले वाक्य. पण चिडायचे तरी पान सांगूनच, म्हणून त्यांनी कादंबरी पुन्हा हाती घेतली. बैठकीत म्हणाले, ''भाषा मला आजही पटत नाही. पण त्या पांडुरंगाची धाकटी बहीण मनी जाते, ती पानं मी दोनदा वाचली.'' आता ते 'कोसला' वाईट म्हणतात तेव्हा आम्ही कान देऊन ऐकतो.

सर्वच मते अशी जुळत येतात, असे नाही हं! खांडेकरांच्या 'ययाति'वर (१९५९) आमच्यात अजून तट आहेत. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांनी त्यात आपापली बाजू सांगितली आहे. आमच्याकडेही त्या तिघांचे तीन वकील आहेत. खांडेकरांना १९७४ सालचे ज्ञानपीठ मिळाले, हे सांगूनही देवयानीच्या बाजूच्या वहिनी तसूभर हटत नाहीत.

पण या नियमाची खरी कसोटी लागली ती दया पवारांच्या 'बलुतं'च्या वेळी. १९७८ साली प्रसिद्ध झालेले हे दलित आत्मकथन. 'फार दाहक', 'मन सुन्न झालं', असे शब्द दोघा-तिघांनी उच्चारले. ते खोटे नव्हते. पण असे शब्द उच्चारले की मोकळे होता येते. मग ऐंशी ओलांडलेले एक काका म्हणाले, ''माझी जागा मुंबईतला कावाखाना. मी गिरगावात वाढलो. तिथून हा कावाखाना पायी जाण्याच्या अंतरावर. आम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणायला जीभ रेटत नाही. आम्ही तिकडे पाहत नव्हतो.'' त्यानंतर चहा येऊनही बराच वेळ कोणी कपाला हात लावला नाही. घरी परतताना जिन्यात मात्र दोघांनी मला ते पुस्तक मागितले.

मला वाटते, घरोघर पुस्तके कमी नाहीत. आपण एकमेकांना नीट विचारत नाही, एवढेच. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे फराळाच्या ताटाशेजारी वाचनही येऊन बसले आहे. चकली कुठे बिघडली ते आपण बिनचूक सांगतो: भाजणी जाड झाली, मोहन कमी पडले, तेल तापले नव्हते. तितकेच नेमके पुस्तकाबद्दल बोलायला काय हरकत आहे?

तेव्हा या दिवाळीत पाहुणे जमले, की 'काय वाचलंत?' एवढ्यावर थांबू नका. 'वाचताना कुठे थांबलात?' असे विचारा. आणि घरात ज्यांना आजवर कोणी मत विचारलेले नाही, त्यांच्यापासून सुरुवात करा. आधी त्या 'मला मेलीला काय कळतंय' असे म्हणतील. म्हणू द्या. थोडे थांबा, बशीतला लाडू सावकाश संपवा, आणि मग पुन्हा विचारा.